एक थेंब जास्त

रक्त काढायचं तर करंगळीशेजारच्या बोटातून काढावं. त्या बोटाला कामं कमी, म्हणून कातडी मऊ. अंगठा आणि पहिलं बोट राबून निबर झालेलं असतं. मधलं टोचलं की माणूस हमखास हात झटकतो. मला शिकवणाऱ्यांनी हे असं शिकवलं होतं आणि मी ते वहीत लिहूनही घेतलं होतं. पुढे बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या बायकांसमोर सुई घेऊन बसलो, तेव्हा कळलं की माणसाची दहाही बोटं सारखीच निबर असू शकतात. सुई टेकवली की घसरायची. वहीत याचा उपाय नव्हता.

दिवाळी अंकाच्या संपादकांनी व्यवसायातल्या गमतीजमती लिहायला सांगितलं आहे. रक्त तपासणाऱ्याच्या आयुष्यात गमती बेताच्याच असतात, लघवी तपासणाऱ्याच्या जरा जास्त. मी तीस वर्षं दोन्ही तपासलं, त्यामुळे तक्रार नाही. जालन्यातल्या मस्तगडातले एक व्यापारी दर दोन महिन्यांनी यायचे आणि आधी विचारायचे, "आमच्या भावाचं किती भरलं?" भावापेक्षा अर्धा आकडा जरी जास्त निघाला तरी सगळ्यांना चहा. एक म्हातारी तपासणी झाल्यावर हात पुढे करून उभीच राहिली. काय हवं विचारलं तर म्हणाली, "उरलेलं दे की बाबा. शेतात टाकते. आपलं आपल्या मातीत." मी नळी धुवायला टाकली होती. तिला काय उत्तर दिलं ते आठवत नाही, पण ती मात्र चेहऱ्यासकट आठवते.

या गमती सांगून अंकाची चार पानं सहज भरतील. पण मला एकच गोष्ट सांगायची आहे, आणि तिच्यात माझी अब्रू फारशी राहत नाही.

आधी धंदा समजून घ्या. आता यंत्रात नळी सरकवली की आकडा छापून बाहेर येतो. आमच्या वेळी यंत्र म्हणजे माझे डोळे. काचेची बारीक नळी तोंडात धरून बोटावरचं रक्त खुणेपर्यंत ओढायचं. हो, तोंडानंच. नवशिक्याच्या जिभेवर रक्त यायचंच, माझ्याही आलं. मग ते आकडे कोरलेल्या दुसऱ्या नळीतल्या पातळ आम्लात सोडायचं. दहा मिनिटांत लाल रक्त कोऱ्या चहासारखं तपकिरी होतं. त्यात थेंब थेंब पाणी घालायचं, काचेच्या काडीनं ढवळायचं आणि उजेडाकडे धरून शेजारच्या पक्क्या रंगाच्या काचेशी ताडून बघायचं. दोन्ही रंग एक झाले की थांबायचं आणि पाणी कितव्या रेघेवर आलं ते वाचायचं. रक्त कसदार असेल तर पाणी जास्त मावतं आणि रेघ वर जाते. नसेल तर चार-दोन थेंबांतच रंग फिका पडतो. म्हणजे सगळी कला थांबण्यात आहे. माझा हात त्या वेळी फार चांगला होता, असं सगळेच म्हणायचे आणि मीही ते मान्य करायचो.

चोविशीत होतो. वडील नवीन जालन्यात कापसाच्या जिनिंगमध्ये हमाली करायचे. घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. एका औषध कंपनीनं लोहाची नवी गोळी काढली होती. जुन्या गोळीनं मळमळतं, हिच्यानं मळमळणार नाही, असा तिचा दावा होता. दाव्याची परीक्षा एका मोठ्या शहरातल्या मेडिकल कॉलेजच्या डॉक्टर सामंत घेणार होत्या आणि रोजचा कारभार कंपनीच्या व्यवस्थापकांकडे होता. कंपनीचं आणि कॉलेजचं नाव लिहीत नाही. बाजू मांडायला आज त्यांतलं कोणी नाही. रक्त मोजायला आणि गोळ्या वाटायला त्यांनी मला घेतलं. घरी पेढे वाटले गेले.

परीक्षेची रीत अशी. साठेक बायका निवडायच्या. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी लाल गोळी, पण आत खडू. कोणाची कुठली हे बाईला ठाऊक नाही आणि मलाही नाही. पुड्यांवर फक्त नंबर. नंबरांची यादी शहरात बंद पाकिटात. ही रीत उगीच नाही. सगळ्यांनाच खरी दिली आणि रक्त वाढलं, तर ते गोळीनं वाढलं की त्याच महिन्यात पोटात चार घास जास्त गेले म्हणून वाढलं, हे कळणार कसं? हे मला पटलं होतं आणि आजही पटतं. पण रक्त वाढवणारी जुनी गोळी दवाखान्यात पडून असताना अशक्त बाईला तीन महिने खडू द्यावा का, हा प्रश्न मला त्या वेळी पडला नाही. एक नियम मात्र होता. निरोगी बाईचं रक्त बारा-तेरा भरतं; जिचं सहाच्या खाली जाईल तिला लगेच प्रयोगातून काढायचं आणि दवाखान्यात न्यायचं.

अंबड तालुक्यात अंतरवाली सराटीच्या बाजूला पाझर तलावाचं दुष्काळी काम निघालं होतं. जालना जिल्हा तेव्हा व्हायचा होता, आम्ही औरंगाबादेतच मोडत होतो. कामावर बायकाच जास्त. साठ बायका एका जागी, रोज हजर, मोजायला सोप्या. म्हणूनच ती जागा निवडली होती. हे लिहिताना आज मला अवघड वाटतं, त्या वेळी फार शहाणपणाचं वाटलं होतं.

कामावर सावली म्हणाल तर एका कडुलिंबाची. तिच्यात हजेरी लिहिणाऱ्या कारकुनाचं टेबल. मी माझं टेबल त्याला खेटून मांडलं. बायका आधी हजेरीच्या मस्टरवर अंगठा उमटवायच्या, एक पाऊल सरकायच्या आणि माझ्या कागदावर उमटवायच्या. शाईची गादीसुद्धा एकच. माझा कागद इंग्रजीत होता. तो समजावून सांगून संमती घ्यायची असं मला बजावलं होतं. मी म्हणायचो, "रक्ताची गोळी आहे मावशी, चांगली आहे." पहिल्याच दिवशी एक बाई दुसरीला म्हणाली, "आता दोन जागी अंगठा द्यायचा म्हने." मी ते स्पष्ट ऐकलं. ऐकलं आणि पुढच्या बाईला म्हटलं, चला. दोन दिवसांत साठ अंगठे झाले. व्यवस्थापक खूश होऊन म्हणाले, "साळवे, तुम्ही तर कमाल केलीत!"

बायकांची पुढारी गयाबाई. घरची वीस एकर जमीन, पण विहीर आटली आणि जन्मात कधी दुसऱ्याच्या बांधावर न गेलेली ही बाई हातोडी घेऊन खडी फोडायला आली. आवाज खणखणीत. मी लांबून दिसलो की ओरडायच्या, "आला का गं ढेकूण! लपवा रगत!" सगळ्या हसायच्या. दुपारी सरकारकडून सुकडी यायची, म्हणजे गोड भाजक्या पिठासारखा खाऊ. ती गयाबाई वाटायच्या. एकच वाटी, आणि प्रत्येक वेळी वाटीवरून बोट फिरवून ती सपाट करायच्या. स्वतःच्या नातेवाइकालाही शीग चढवून दिली नाही कधी. कौसा नावाची अठरा-एकोणीस वर्षांची पोर त्यांच्या शेजारी खडी फोडायची. आमच्याच समाजाची, पाच महिन्यांची गरोदर. कामावर पाण्याच्या घागरी दोन होत्या, आणि कौसा कुठल्या घागरीचं पाणी पीत असेल ते मी सांगायला नको.

दीड महिन्यानं दुसरी मोजणी आली. दोन-तीन बायका दुसऱ्या कामावर निघून गेल्या होत्या आणि व्यवस्थापकांनी मला ऐकवलं होतं, "आता एकही बाई गळता कामा नये." कौसाचं रक्त नळीत घेतलं, दहा मिनिटं थांबलो, पाणी टाकत गेलो. रंग जुळला. रेघ वाचली, तर सहाच्या केसभर खाली. दुसऱ्यांदा बघितली. तिथेच होती.

मी एक थेंब पाणी जास्त टाकलं. रेघ सहाला टेकली. वहीत सहा लिहिलं.

कोणी मला धमकावलं नव्हतं. कोणी मागे उभंही नव्हतं. डोळ्यांचं काम आहे, इकडेतिकडे व्हायचंच, असं मनाशी म्हणालो आणि पुढच्या बाईचं बोट पुसलं. मात्र त्या दिवसानंतर कौसाकडे माझं लक्ष सारखं जायला लागलं. आठवडाभरानं ती मातीचं टोपलं खाली ठेवून बांधावरच बसलेली दिसली. ओठ पांढरे पडले होते. मी जवळ जाऊन विचारलं, "गोळी रोज घेतेस ना?"

तिनं गयाबाईंकडे पाहिलं.

"घेती की," गयाबाई म्हणाल्या. "समद्याच घेतात. इकडं ये, दावते तुला."

झाडाखाली भाकरीची फडकी ठेवली होती. त्यांच्यातून गयाबाईंनी वनस्पती तुपाचा एक पत्र्याचा डबा काढला. झाकण उघडलं. आत लाल गोळ्या, मूठ-दोन मुठी.

"तू पुड्या देऊन गेला की समद्या याच्यात वतायच्या," त्या म्हणाल्या. "भाकर खाल्ली की जिनं तिनं हात घालायचा अन् एक गोळी घ्यायची. बिलकुल न बघता."

मी म्हणालो, "अहो मावशी, पुड्यांवर नंबर आहेत. प्रत्येकीची वेगळी पुडी..."

"नंबर हायेत म्हनूनच तर." त्यांनी दोन गोळ्या घेतल्या, दगडावर ठेवल्या आणि हातोडीनं एकेक ठोका दिला. "ही बघ, आतून काळी. अन् ही पांढरी. खडू हाये का न्हाई? तुला ठावं व्हतं?"

मी मान खाली घातली.

"सुकडी आली तर आमी एका वाटीनं घेतो. मंग गोळीत कामून दुजाभाव? एकीला लोखंड, एकीला खडू? जिच्या नशिबी ज्या दिवशी जी येईल ती. आज हिला, उद्या तिला."

"पण तुम्हाला कळलं कसं?"

"ते बायांचं हाये. तुला सांगायचं न्हाई," गयाबाई म्हणाल्या, आणि आसपासच्या बायका पदरात तोंड घालून हसायला लागल्या.

मी त्या डब्याकडे बघत राहिलो. जवळच त्या दोन घागरी होत्या, एकमेकींपासून चार हात लांब. आणि डबा एकच होता. त्याच्यात साठ बायकांचे हात रोज जात होते, कौसाचाही. शहरातल्या बंद पाकिटातली यादी या बायकांनी, एक अक्षर वाचता येत नसताना, निकामी केली होती. चिडायला हवं होतं. पण खरं सांगतो, मी नुसता थक्क झालो.

"खडू आहे हे कळल्यावर गोळ्या सोडून का नाही दिल्या?" मी विचारलं.

"अन् हजेरी?" गयाबाईंनी माझ्याकडे असं बघितलं की मीच खुळा. "अंगठा न्हाई का घेतला तू? गोळी सोडली तर नाव कटंल ना मस्टरवरलं."

ती एकच शाईची गादी माझ्या डोळ्यांपुढे आली.

व्यवस्थापकांना डब्याचं सांगितलं. ते पेन बोटात फिरवत म्हणाले, "पुड्या रिकाम्या परत येतात ना? मग गोळ्या घेतल्या. कोणी कोणाची घेतली हे आपण पाहिलं का? तुम्ही रक्त मोजा साळवे. बाकीचा विचार करायला माणसं आहेत." मी बरं म्हणून उठलो. मोजण्याबद्दलही काही सांगण्यासारखं होतं, ते सांगितलं नाही.

रविवारी सकाळी आमच्याकडे बुद्धवंदना असते. वडिलांना सही येत नव्हती, पण पंचशील तोंडपाठ. छप्पन साली लाखो माणसांत उभं राहून त्यांनी ते म्हटलेलं. चौथ्या शीलात खोटं न बोलण्याचं वचन येतं. त्या रविवारी तिथे आल्यावर माझा आवाज बसला. वडील पुढे म्हणत गेले. संपल्यावर फक्त एवढं म्हणाले, "घसा धरला का?" आणि टोपी घालून कामावर गेले. मी बसून डॉक्टर सामंतांना पत्र लिहिलं. त्यात डबा लिहिला, शाईची गादी लिहिली. थेंब नाही लिहिला.

पाचव्या दिवशी भर दुपारी जीप आली. सामंतबाई पन्नाशीच्या, बारीक चणीच्या, सुती पातळ, डोळ्यांवर जाड चष्मा. व्यवस्थापक त्यांच्यामागून उतरले. बाई मला काही बोलल्या नाहीत. सरळ बायकांत जाऊन खडीच्या ढिगावर बसल्या. गयाबाईंनी त्यांच्यापुढे भाकरी सरकवली. बाईंनी चतकोर तोडून घेतली. मग कानाशी लागून दोघींचं काहीतरी बोलणं झालं, आणि एकदम सामंतबाई एवढ्या हसल्या की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

मला पुढे जीपमध्ये त्यांनी सांगितलं ते इथेच सांगून टाकतो. लोहाच्या गोळीनं शौचाला काळी होते. बायका पहाटे तांब्या घेऊन एकत्र बाहेर जातात, एकमेकींशी बोलतात. आठ दिवसांत निम्म्यांना एक अनुभव आणि निम्म्यांना दुसरा. मग गोळी फोडून बघायला कितीसा वेळ! "आम्ही चार जणांनी सहा महिने बसून हा प्रयोग आखला," बाई म्हणाल्या. "आणि हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. मी बाई असून नाही आलं."

तर, हसणं थांबलं. गयाबाईंनी विचारलं, "बाई, तुमी मोठ्या डाक्टर. खडू कुनाच्या सांगन्यावरून दिला, एवढं सांगा."

मला वाटलं, आता कंपनीचं नाव येईल, नाहीतर माझं.

"माझ्या," सामंतबाई म्हणाल्या.

हातोड्या थांबल्या होत्या.

"नवी गोळी चांगली की वाईट हे बघायचं होतं. ते बघायला पाहिजेच. पण तुम्हाला न सांगता बघितलं, ते चुकलं. जुनी औषधाची गोळी द्यायची सोडून खडू दिला, तेही चुकलं. आणि तुमच्या अंगठ्याचा हजेरीशी काही संबंध नव्हता. गोळी घ्या नाहीतर घेऊ नका, तुमचं काम कोणी काढू शकत नाही. हेही तुम्हाला कोणी सांगितलं नाही. ते सांगितलं जातंय की नाही हे बघायचं काम माझं होतं. मी आलेच नाही बघायला."

व्यवस्थापक मागून म्हणाले, "मॅडम, हे इथे बोलायची गरज..."

"इथेच आहे," बाई म्हणाल्या. त्यांनी आवाज चढवलासुद्धा नाही.

आयुष्यात मी मोठमोठे डॉक्टर पाहिले, मंत्री पाहिले, भाषणं ऐकली. पण खडीच्या ढिगावर बसून, जिला कोणी काही विचारू शकत नव्हतं अशी एक बाई साठ मजूर बायांना माझं चुकलं म्हणताना मी पाहिली, तसं पुन्हा पाहिलं नाही. आणि त्याच क्षणी मला कळलं की आता मला गप्प बसता येणार नाही. मी म्हणालो, "अजून एक आहे."

थेंबाचं सांगितलं. सगळ्यांसमोर, कौसाच्या देखत. सहाच्या खाली म्हणजे काय, तेही सांगितलं.

मला वाटलं गयाबाई शिव्या देतील. दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं. त्या उठल्या, कौसाला हाताला धरून माझ्या टेबलाजवळ घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "परत मोज. आमच्यासमोर."

मी कौसाचं बोट टोचलं. रक्त आधीपेक्षाही पाणचट होतं. दहा मिनिटं कोणी हललं नाही. मग नळी उजेडाकडे धरली. माझ्या खांद्यामागे गयाबाई, त्यांच्यामागे बाकीच्या. कुठला रंग कुठल्या काचेशी जुळवायचा ते मी त्यांना दाखवलं. एक थेंब. ढवळलं. दुसरा. ढवळलं. प्रत्येक थेंबाला साठ बायका श्वास रोखून.

"थांब," गयाबाई म्हणाल्या.

मीही तिथेच थांबणार होतो. रेघ पाचच्या जवळ होती.

सामंतबाईंनी कौसाला जीपमध्ये घातलं आणि जालन्याच्या दवाखान्यात नेलं. मी बरोबर गेलो. रक्त द्यायला हात पुढे केला, तर माझं जुळलं नाही. तेवढीही सोय झाली नाही. तिला बाहेरून रक्त मिळालं, इंजेक्शनं झाली, आणि कौसा वाचली. मूल सातव्या महिन्यातच झालं आणि दुसऱ्या दिवशी गेलं. मुलगी होती. कौसाला दोन आठवडे आधी आणलं असतं तर मुलगी वाचली असती का, असं मी बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "सांगता येणार नाही." मग म्हणाल्या, "तुमच्या समाधानासाठी 'नसती वाचली' असं म्हणणार नाही मी." मला त्यांचं हे आयुष्यभर पुरलं आहे. कुरतडतंही आणि आधारही देतं.

कंपनीनं प्रयोग बंद केला आणि मला काढलं. सामंतबाईंनी कॉलेजकडून उरलेले आठवडे मला ठेवून घेतलं. सगळ्या बायकांना दवाखान्यातली जुनी, खरी गोळी सुरू केली. ते अंगठ्यांचे कागद मी फाडायला निघालो होतो. त्या म्हणाल्या, "फाडू नका. ही आपली चूक आहे, ती जपून ठेवायची." प्रयोग कसा फसला आणि का फसला, डबा आणि शाईच्या गादीसकट, त्यांनी लिहून काढलं. कुठे छापून आलं की नाही, मला ठाऊक नाही.

प्रयोग बंद झाल्यावर सामंतबाईंनी बायकांना विचारलं की, गोळी तर मिळणारच, पण रक्त मोजू द्यायला कोणी तयार आहे का? नाही म्हटलं तरी चालेल.

गयाबाई म्हणाल्या, "त्याच्यानं आमचं काही भलं व्हनार?"

"तुमचं नाही. पुढे दुसऱ्या कोणाचं तरी होईल कदाचित."

गयाबाई माझ्यासमोर येऊन बसल्या. "मंग घे रे ढेकणा. पन आधी वाच. कागदावर काय लिव्हलंय ते समदं वाच, मराठीत."

सामंतबाईंनी नवा कागद मराठीत लिहून दिला होता. मी तो गयाबाईंना वाचून दाखवला. पुढची बाई आली, म्हणाली, मलाही वाच. मी म्हटलं, आत्ताच तर ऐकलंत. ती म्हणाली, "ते तिचं व्हतं. मपलं वाच." प्रत्येकीनं आपापला कागद वाचून घेतला. लिंबाखाली नाही, हजेरीच्या टेबलापासून दूर, उन्हात छत्री रोवून. दोन दिवसांत अंगठे गोळा करणाऱ्या मला आता आठ दिवस लागले. दोघी-तिघींनी पूर्ण ऐकून नको म्हणून सांगितलं आणि ताठ मानेनं उठून गेल्या. मोजताना प्रत्येक वेळी कोणीतरी एक बाई माझ्या खांद्यामागे उभी राहायची आणि रंग जुळला की म्हणायची, "थांब." महिनाभरात त्यांतल्या पाच-सहा जणींची नजर माझ्या तोडीची झाली. कौसाही आली, दीड महिन्यानं. समोर बसली, हात पुढे केला. "घ्या. बराबर मोजा," एवढंच म्हणाली. मला तिच्या तोंडाकडे बघवेना, म्हणून मी बोटाकडे बघितलं.

पुढे सरकारी नोकरी लागली आणि जालन्याच्या दवाखान्यात वर्षं गेली. हजारो नळ्या उजेडाकडे धरल्या. दर वेळी रंग जुळत आला की मागून 'थांब' असा आवाज आल्यासारखा वाटायचा, आणि मी थांबायचो. पुन्हा कधीही थेंब जास्त पडू दिला नाही, याचा मला अभिमान होता.

यंत्र यायच्या थोडं आधीची गोष्ट. रांगेत एक म्हातारी नातीला घेऊन उभी होती. पाठ वाकलेली, पण आवाज तोच. "अजून रगतच पिऊन राह्यला का रे?" मी उठून पाया पडलो. नातीचं रक्त घेतलं. गयाबाई न सांगता टेबलाच्या आत आल्या आणि माझ्या खांद्यामागे उभ्या राहिल्या. खिडकीतून चांगला उजेड येत होता. मी थेंब थेंब टाकत गेलो, रंग जुळला, थांबलो. मागून काही आवाज आला नाही. मी वळून बघितलं.

"आजून एक बसतो," त्या म्हणाल्या.

मी पुन्हा नळी धरली. मला तर जुळलेलीच दिसत होती. पण त्यांच्यासमोर नाही म्हणायची माझी हिंमत नव्हती. एक थेंब टाकला, ढवळलं. आणि दोन्ही रंग असे एक झाले की नळी कुठली आणि काच कुठली ते कळेना.

म्हणजे इतकी वर्षं मी प्रत्येक नळीत एक थेंब कमी टाकत होतो. भीतीनं. आणि त्याला प्रामाणिकपणा समजत होतो.

"भ्याला व्हय रे तू, तवापासून?" गयाबाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "भ्यायचं न्हाई. जेवढं हाये तेवढं टाकायचं."

मी वहीत आकडा लिहिला. त्यांनी नातीला हाताला धरलं आणि निघाल्या. माझ्यासमोर रांगेतला पुढचा माणूस बोट पुढे करून बसला होता, आणि मला सुई सापडत नव्हती.